लिबरऑफिसच्या सोर्स कोडमध्ये 'क्ष'ची जागा कुठे ठरते, ते शोधायचं कसं?

दांडियाबाजार_वाचनालय (वडोदरा)

नमस्कार. दांडिया बाजारातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाचं काम मी बघते. पुस्तकांच्या नोंदी दोन जाड वह्यांत होत्या. गेल्या दिवाळीपासून त्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये चढवतेय: आडनाव, नाव, पुस्तक, कपाट, फळी.

आडनावांचा क्रम लावला की क्षीरसागर कोल्हटकरांच्या खाली आणि खऱ्यांच्या वर येतात. वहीत ते अगदी शेवटी आहेत. काळे काशीकरांच्या आधी येतात, वहीत काशीकर आधी आणि काळे नंतर. आम्ही सगळे 'ह, ळ, क्ष, ज्ञ' म्हणत मोठे झालो. आमच्याकडे येणारे आजोबा छापील यादीचं शेवटचं पान उघडतात, तिथे क्षीरसागर दिसले नाहीत की "पुस्तक गेलेलं दिसतंय" म्हणत निघून जातात. पुस्तक समोरच्या कपाटात असतं. हे मला फार लागतं.

ओळी हाताने ओढून खाली न्या, असा सल्ला कृपया नको. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे 'क्ष कुठे बसवायचा' हे कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलंय आणि ते वाचायची मुभा मलाही आहे. मला ती जागा बघायची आहे. बी.कॉम.नंतर वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यात सी शिकले. फंक्शन म्हणजे काय, हेडर फाइल म्हणजे काय, एवढं समजतं.

आतापर्यंत केलं ते असं. गिटहबवरून कोअर नावाचं रिपॉझिटरी (कोडचं भांडार) क्लोन केलं, म्हणजे त्याची प्रत उतरवली, तीही डेप्थ १ देऊन, म्हणजे फक्त आत्ताची अवस्था, कारण पूर्ण उतरवायला आमचं नेट पुरलं नसतं. त्यात 'सॉर्ट' शोधलं तर ओळींचा पूर आला. मग 'एमआर' (मराठी) आणि 'आयएन' (भारत) जोडून फाइलचं नाव शोधलं. एमआर_आयएन.एक्सएमएल मिळाली! उघडली तर जानेवारी, फेब्रुवारी, सोमवार, मंगळवार, रुपयाचं चिन्ह. खूप आनंद झाला, पण अक्षरांचा क्रम त्यात कुठेच नाही. तीन संध्याकाळी गेल्या. एवढ्या मोठ्या कोडमध्ये जाणकार माणसं वाट कशी काढतात?

रावपुरा_अकाउंट्स

ताई, डेटा मेनूतल्या सॉर्टमध्ये पर्यायांचं पान आहे. तिथे भाषा मराठी निवडा. झालं काम.

दांडियाबाजार_वाचनालय

भाऊ, मनापासून आभार. आत्ताच केलं. क्षीरसागर शेवटच्या पानावर गेले आणि काळे काशीकरांच्या खाली आले. उद्या सकाळी नवी यादी छापते.

पण माझा प्रश्न तसाच आहे. भाषा न निवडता क्रम चुकत का होता? मराठी निवडल्यावर त्याला क्ष शेवटी आहे हे कुणी सांगितलं? आमच्याकडे गुजराती पुस्तकांचीही एक यादी आहे. उद्या त्यात असंच काही निघालं तर परत कुणाला तरी विचारत बसायचं नाही.

सुरसागर_काठ

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी सतरा वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी कोड लिहायला देत नाही, शोधायला देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'सॉर्ट' शोधणं ही सुरुवातच चुकीची. तो शब्द कोडमध्ये जागोजागी येणारच. पडद्यावर दिसणारा, दुसरीकडे सहसा न आढळणारा शब्द घ्यायचा. त्याच पानावर एक चौकट आहे, मूळ इंग्रजीत 'एनेबल नॅचरल सॉर्ट'. हा शब्दसमूह शोधा, मोजक्याच जागा मिळतील. तुमचा पडदा मराठीत असेल तर एक पायरी जास्त. भाषांतरं वेगळ्या रिपॉझिटरीत असतात, तिथे एमआर फोल्डरमध्ये एससी (हे कॅल्कचं फोल्डर), त्यात मेसेजेस.पीओ. पडद्यावरचं मराठी वाक्य त्यात शोधलं की वरच मूळ इंग्रजी वाक्य आणि ते कोणत्या पानावरचं आहे ते सापडतं.

आता माग धरा. ते पान म्हणजे सॉर्टऑप्शन्सपेज.यूआय ही फाइल. या नावाचा उल्लेख कुठे आहे ते शोधलं की टीपीसॉर्ट.सीएक्सएक्स येते. तिथे तुमची भाषेची निवड एका रचनेत भरली जाते, कोलेटरलोकेल नावाच्या खणात. 'कोलेटर' हा तुमचा खरा शब्द! क्रम लावणाऱ्या यंत्रणेला इथली माणसं सॉर्ट म्हणत नाहीत, कोलेटर म्हणतात. अनोळखी कोडमध्ये निम्मं काम आतल्या माणसांचा शब्द सापडण्याचं असतं.

तो शब्द घेऊन एससी फोल्डरमध्ये शोधा, टेबल३.सीएक्सएक्स सापडेल. त्यात इनिटसॉर्टकोलेटर नावाचं छोटं फंक्शन आहे. सावकाश वाचा, तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो. भाषा दिलेली असेल तर तो त्या भाषेचा कोलेटर मागवतो. रिकामी असेल तर अख्ख्या प्रोग्रॅमसाठी एकच सामाईक कोलेटर असतो, तो घेतो, आणि तो तुमच्या लिबरऑफिसच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगप्रमाणे चालतो. तुमचं लोकेल बहुधा इंग्रजी (भारत) असणार. कॉम्प्युटर घेताना कुणी बदलत नाही.

पुढची पायरी आय१८एनपूल फोल्डरमध्ये. तिथे सोर्समध्ये कोलेटर, त्यात डेटा. हंगेरियन, नेपाळी, जपानी अशा काही भाषांचे स्वतःचे नियम तिथे ठेवलेत. मराठीचा नाही. शेजारची कोलेटर_युनिकोड.सीएक्सएक्स उघडलीत तर दिसेल की स्वतःचा नियम नसला की तो आयसीयू नावाच्या लायब्ररीकडून (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) कोलेटर मागवून घेतो.

म्हणजे लिबरऑफिसमधली वाट इथे संपली. उत्तर दुसऱ्या घरात आहे. नवी मुलं नेमकी इथे हताश होतात, तुम्ही होऊ नका. आयसीयूमध्ये हा डेटा सीएलडीआरमधून येतो. तो युनिकोड कन्सॉर्टियमचा (अक्षरांना आकडे ठरवून देणारी संस्था) प्रकल्प, जगभरच्या भाषांच्या तारखा, महिने, क्रम यांचा. त्यात कॉमन, मग कोलेशन, मग एमआर.एक्सएमएल. उघडा. तिथे काय आहे ते मी सांगत नाही, तुम्हीच वाचा.

निवृत्त_प्रणाली (अलकापुरी)

वरच्या वाटेत भर घालतो, फक्त हत्यारांबद्दल.

ताई, पूर्ण कोड उतरवायची गरज नाही. लिबरऑफिसचं ओपनग्रोक, म्हणजे कोडमध्ये शोधायचं पान, चालू असतं, ब्राउझरमध्ये उघडतं. ओपनग्रोक मुळात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालं. त्यात वेगवेगळे रकाने आहेत: पूर्ण मजकूर, व्याख्या, चिन्ह, फाइलचा मार्ग. 'व्याख्या' या रकान्यात नाव टाकलं तर ते फंक्शन जिथे लिहिलंय तीच जागा येते, 'चिन्ह' रकान्यात टाकलं तर जिथे जिथे वापरलंय त्या. या दोन रकान्यांतला फरक कळला की तुमच्या तीन संध्याकाळींचं काम अर्ध्या तासात होतं. गिटहबचा शोधही चांगला आहे, पण लॉगिन लागतं आणि तो मुख्य शाखेतच शोधतो, जुन्या आवृत्त्यांत नाही.

एवढा कोड क्षणात शोधला जातो कसा, हे ग्रंथपालाला आवडेल. ग्रेप हा केन थॉम्पसन यांचा १९७३ सालचा, फाइलींत मजकूर शोधायचा प्रोग्रॅम. तो दर वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो. एका फोल्डरला ठीक, हजारो पॅकेजेसना नाही. गूगलने २००६ मध्ये कोड सर्च काढलं आणि जानेवारी २०१२ मध्ये बंद केलं. बंद झालं त्याच महिन्यात, ते बनवणाऱ्या रस कॉक्स यांनी त्याची रीत लिहून कोडसकट मोकळी केली. प्रत्येक फाइलमधले तीन-तीन अक्षरांचे तुकडे काढून त्यांची सूची करायची. आपल्या अक्षरांत सांगायचं तर 'वडोदरा'चे दोन तुकडे, 'वडोद' आणि 'डोदरा'. हे दोन्ही ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच उघडायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. डेबियन कोड सर्च याच रीतीने अख्ख्या डेबियनच्या (लिनक्सचा एक प्रकार) सोर्समधून शोधतं.

आपल्या शहराला हे परकं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणलं ते पुस्तकांच्या ढिगासाठी नाही, मांडणीसाठी. सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरश्यांवरून हिंडत मी कॉलेजचे दिवस काढले. पण पुस्तक मिळायचं ते कार्डांच्या खणातून, फरशीवर हिंडून नाही.

एक धोका सांगतो. तुम्ही डेप्थ १ देऊन क्लोन केलंय, त्यात इतिहास येत नाही. गिट लॉग (बदलांची यादी दाखवणारी आज्ञा) याला डॅश आणि मोठा एस देऊन एखादा शब्द दिला तर तो शब्द कोणत्या बदलात आला किंवा गेला ते दिसतं. तुमच्या प्रतीत मात्र एकच नोंद दिसेल, आणि वाटेल की सगळं एकाच दिवशी लिहिलं गेलं. इतिहासासाठी वेबवरचं रिपॉझिटरी बघा. बदलाच्या नोंदीत टीडीएफ, हॅश आणि आकडा असेल तर तो आकडा त्यांच्या बगझिलात (तक्रारींच्या नोंदवहीत) टाका. तिथे कुणीतरी साध्या शब्दांत आपली अडचण मांडलेली असते, अगदी तुमच्यासारखी.

रावपुरा_अकाउंट्स

यादी तर आता बरोबर येतेय ना? मग ताईंना सीएक्सएक्स फाइली वाचायला कशाला लावताय? आमच्या ऑफिसात कुणी टॅलीच्या आत बघत नाही.

सुरसागर_काठ

टॅलीच्या आत बघताच येत नाही, भाऊ. इथे येतं. आणि त्यांनी तेच विचारलंय.

दांडियाबाजार_वाचनालय

रावपुऱ्याचे भाऊ, तुमच्यामुळे आज दोन आजोबा पुस्तक घेऊन घरी गेले. तुमचं उत्तर मला कमी वाटलं असं मुळीच समजू नका.

काल रात्री दहाला बसले, साडेबाराला उठले. काकांनी सांगितलेल्या ओपनग्रोकमध्येच वाचलं. 'व्याख्या' रकान्यात इनिटसॉर्टकोलेटर टाकलं आणि थेट त्या ओळीवर पोचले. फंक्शन खरंच छोटं आहे. भाषा रिकामी नसेल तर हे, नाहीतर ते. माझं लोकेल बघितलं, इंग्रजी (भारत)च होतं. सगळ्या नोंदी मराठीत आणि क्रम इंग्रजीच्या लोकेलचा.

मग एमआर.एक्सएमएल. ती उघडल्यावर जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. आजूबाजूला सगळे इंग्रजी शब्द आणि मध्येच आपली अक्षरं: ह, त्याच्यापुढे ळ, मग क्ष, मग ज्ञ. शाळेत पाटीवर लिहिलेला क्रम. युनिकोडमध्ये क्षला स्वतःची जागा नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो. म्हणून खास नियम नसेल तर तो क मध्येच राहणार, कौच्याही पुढे, खच्या आधी. आमचे क्षीरसागर नेमके तिथेच होते. ळचा आकडाही लच्या लगेच पुढचा, म्हणून काळे काशीकरांच्या आधी. त्या लहानशा नियमाने हे सगळं सरळ होतं. कुणीतरी मराठीचा विचार करून तो तिथे लिहिला आहे. मी नमस्कार केला स्क्रीनला, खरंच.

एक शंका राहिली होती, तीही लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. कोलेटरच्या डेटा फोल्डरमध्ये नेपाळीची फाइल बघून मला आधी वाटलं की मराठीचीही तिथे घालायला हवी, आणि मी कागदावर नियम लिहायलाही घेतला. पण आयसीयूकडे तो आधीच आहे. पुढे वाचलं नसतं तर असलेल्या गोष्टीसाठी लोकांना पत्रं लिहीत बसले असते.

कॉम्प्युटरशेजारी कागद चिकटवलाय: 'क्रम लावताना भाषा मराठी'. संध्याकाळी येणाऱ्या दोन मुलींनाही दाखवलं. त्यातली एक बारावीला आहे, तिने लगेच विचारलं, "काकू, हे असं कुठलंही सॉफ्टवेअर उघडून बघता येतं?" शनिवारी तिला ओपनग्रोक दाखवणार आहे.

आता गुजरातीकडे वळते. गुजराती मुलंही कक्कोच्या शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञच म्हणतात, त्यामुळे यादीत काय व्हायला हवं ते मला माहीत आहे. त्याच फोल्डरमध्ये जीयू.एक्सएमएल दिसली, अजून उघडलेली नाही. काका, इतिहास बघायचा तर या फाइलीचाही तसाच बघायचा ना, मोठा एस देऊन? की सीएलडीआरची नोंद ठेवायची पद्धत वेगळी आहे?

निवृत्त_प्रणाली (अलकापुरी)

तसाच. तेही गिटवरच आहे. फक्त या वेळी क्लोन करताना डेप्थ देऊ नका. आणि गुजराती फाइल वाचून झाली की त्यात काय मिळालं ते इथेच लिहा, मीही ती कधी उघडलेली नाही.