आंब्याच्या वेबसाइटवर नेमकं काय लिहावं? सल्ला हवा आहे

आमराई

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आतापर्यंत बराचसा माल वाशी मार्केटला दलालाकडे जायचा, थोड्या पेट्या पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांना. यंदा थेट विक्री वाढवायची म्हणून पुतण्याने वेबसाइट करून दिली. फोटो झकास आलेत. मजकूर मात्र मलाच खटकतोय. पहिल्या पानावर सध्या हे आहे:

"निसर्गरम्य कोकणच्या लाल मातीत, पिढ्यानपिढ्यांच्या परंपरेने जपलेला, अवीट गोडीचा फळांचा राजा आता आपल्या दारी! गुणवत्ता हेच आमचे ब्रीद, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय."

लोक साइट बघतात आणि तरीही फोन करून विचारतात, पेटी केवढ्याला? कच्चा पाठवता की पिकलेला? कधी मिळेल? सीझनमध्ये दिवसभर तेच. मी बागेत असले की फोन लागत नाही, आणि ते गिऱ्हाईक जातं.

तर विचारायचं होतं की हे पैसे देऊन कंटेंट रायटरकडून लिहून घ्यावं का? मराठी ठेवावं की इंग्रजी? आणि या विषयावर वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.

चिंचेचं_बुटुक

'निसर्गरम्य' दिसलं की मी पान बंद करतो. भाव कुठे आहे?

आमराई

भाव 'उत्पादने' मध्ये आहे. तिथे रेटकार्डचा फोटो टाकलाय.

मजकूरमिस्त्री

वहिनी, हे माझं रोजचं काम आहे, तरी सांगतो, आत्ताच रायटर शोधू नका. रायटर तुम्हालाच फोन करणार, तुम्ही सांगाल ते ऐकणार आणि त्याला झालर लावून परत देणार. खरा मजकूर तुमच्या फोनवर रोज बोलला जातोय. चार दिवस वही जवळ ठेवा. गिऱ्हाइकाने काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुमच्या शब्दांत. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला तो पानावर सगळ्यात वर.

झालरीबद्दल एक जुना पण नेमका दाखला देतो. १९९७ साली वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणारा जेकब नील्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोक वेबपान कसं वाचतात ते तपासलं. १०० पैकी ७९ जण नवीन पान नुसतं चाळत होते, शब्द न् शब्द वाचणारे १६. मग त्यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती पाच प्रकारे लिहिली. मूळ मजकूर तुमच्या पहिल्या पानासारखाच, जाहिरातीच्या थाटाचा. शब्द निम्मे केले तर साइटची उपयुक्तता ५८ टक्क्यांनी वाढली. तोच मजकूर चाळता येईल असा मांडला तर ४७ टक्क्यांनी. नुसती विशेषणं काढून साधं लिहिलं तरी २७ टक्क्यांनी. तिन्ही एकत्र केलं तेव्हा १२४. म्हणजे विशेषणं निरुपद्रवी नसतात. त्यातून खरी माहिती वेचून काढायचं काम वाचणाऱ्यावर पडतं.

तुमचं पहिलं पान मी असं करीन. आकडे आणि दिवस तुमचे भरा:

"देवगड हापूस, आमच्या बागेतून थेट.
५ डझनाची पेटी: रु. ____ (एक फळ साधारण २०० ते २५० ग्रॅम)
२ डझनाचा बॉक्स: रु. ____
पाठवण्याचा खर्च: पुणे रु. ____, मुंबई-ठाणे रु. ____
आंबा तयार झाल्यावर झाडावरून उतरवतो आणि कच्चा पाठवतो. तुमच्याकडे ____ दिवसांत पिकेल.
पुढची तोड: ____ तारखेला."

याच्या खाली मागणीचं बटण. फोटो त्यानंतर.

डझनाबरोबर वजन सांगायला विसरू नका. शहरातल्या माणसाला पाच डझनाची पेटी मोठी आणि सहा डझनाची लहान फळांची हे माहीत नसतं. त्याला वाटतं सहा डझनवाला स्वस्त देतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साक्याबद्दल, म्हणजे आतून खराब निघणाऱ्या गराबद्दल, लिहा. बहुतेक विक्रेते तो शब्दच टाळतात, आणि मग मे महिन्यात भांडणं होतात. मी असं लिहीन: "हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. फळ कापेपर्यंत तो बाहेरून कळत नाही. निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून ____ दिवसांत व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करू." यात 'कृपया', 'दिलगीर' वगैरे काही नको. काय झालं तर काय करायचं आणि तुम्ही काय देणार, एवढंच. शिवाय ऑनलाइन विक्रीला २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. परतावा, पोचवणी आणि तक्रार कुणाकडे करायची ही माहिती देणं त्यात येतं. म्हणजे हे एवीतेवी लिहायचंच आहे, तर माणसासारखं लिहा. कुणाच्या तरी साइटवरून 'नियम व अटी' उचलून चिकटवू नका.

सदाशिवपेठी

मिस्त्री, थोडा असहमत. सगळंच भावफलक करून टाकलं तर देवगडचा आंबा आणि कर्नाटकातून येणारा आंबा यात गिऱ्हाइकाने फरक कसा करायचा? मी दरवर्षी पुण्यात देवगड म्हणून काय काय घेतो ते माझं मला माहीत. मला गोष्ट हवी असते. लाल माती राहू द्या.

मजकूरमिस्त्री

गोष्ट ठेवा की, पण पडताळता येईल अशी. लाल माती काय, सगळेच लिहितात, कर्नाटकवालाही लिहील. गावाचं नाव, बाग किती एकरांची, कलमं किती वर्षांची, हे मात्र त्याला लिहिता येणार नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाचच जिल्ह्यांसाठी आहे. वहिनींची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांक पहिल्या पानावर टाका. नसेल तर आधी नोंदणी करा, मग वेबसाइट.

'कार्बाइडमुक्त' सुद्धा सगळेच लिहितात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे, मग मी वापरत नाही हे सांगण्यात विशेष ते काय? तुम्ही आढी घालता का, पेंढा कुठला, घरी आल्यावर गिऱ्हाइकाने पेटी उघडून काय करायचं, फ्रीजमध्ये कधी ठेवायचं, हे सांगा. विश्वास त्याने बसतो.

अक्षरश्रोता

मला दिसत नाही. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतो. तुमचं रेटकार्ड फोटोत आहे म्हणजे माझ्यासाठी भाव नाहीच, फक्त 'इमेज' असं ऐकू येतं. बायकोला विचारून आंबे घेतो, पण निवडायला मलाही आवडलं असतं. भाव अक्षरांत लिहा, गूगललाही तो सापडेल आणि लोकांना नातेवाइकांच्या ग्रुपवर कॉपी करून टाकता येईल.

पुतण्याला सांगायच्या गोष्टी: पानाची भाषा एचटीएमएलमध्ये मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर स्क्रीनरीडरचा आवाज मराठी मजकुरावर इंग्रजी उच्चार चढवू शकतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधून उचललेला नको. 'इथे क्लिक करा' असे दुवे नकोत. आम्ही पानावरच्या दुव्यांची यादी काढून ऐकतो, त्यात पाच वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून काय कळणार? 'पुण्यासाठी पेटी मागवा' असा दुवा असेल तर कळतं. तपासायला एनव्हीडीए नावाचा स्क्रीनरीडर फुकट मिळतो.

डोळस लोकांसाठी बायकोचा निरोप: तिरपी देवनागरी नको, आणि अक्षरांत अंतर वाढवून शिरोरेघा तोडू नका.

गुळपोळी

भाषेबद्दल: दोन्ही करा, पण वेगवेगळ्या पानांवर. मराठी वाक्य, त्याखाली लगेच इंग्रजी, असं केलं की दोन्ही वाचकांना अर्धं पान ओलांडत जावं लागतं. मराठी आधी लिहा, कारण फोनवर तुम्ही मराठीत बोलता. मग इंग्रजी.

आणि जे करत नाही तेही लिहा. माझी बहीण अमेरिकेत आहे, दरवर्षी कुठल्यातरी बागायतदाराला पेटी पाठवता का म्हणून मेसेज करते. तिकडे जाणाऱ्या भारतीय आंब्यावर विकिरण प्रक्रिया (किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा) लागते, २००७ पासून त्याच अटीवर परवानगी आहे, लासलगावला त्याचं केंद्र आहे. घरून कुरियर करण्याचा तो प्रकार नव्हे. 'परदेशात पाठवत नाही' या एका ओळीने तिचे आणि तुमचे दोघींचे मेसेज वाचतील.

वाचायला: ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटची लेखनशैली-पुस्तिका फुकट आहे. २५ शब्दांपेक्षा लांब वाक्य दिसलं तर तोडा, असं ते सांगतात. इंग्रजीतली आहे, पण पन्नास टक्के तरी मराठीला जशीच्या तशी लागू पडते.

मजकूरमिस्त्री

पुस्तिकेआधी एक करा. ज्याने साइट पाहिली नाही अशा एखाद्या आत्याच्या हातात फोन द्या आणि म्हणा, कोथरूडला दोन डझन मागव. मग गप्प बसा. ती जिथे थांबेल, जिथे "अगं इथे काय करू?" म्हणेल, तिथला मजकूर बदलायचा. मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

आमराई

सगळ्यांचे आभार. मंडळी, आत्ये नव्हत्या, मोठ्या नणंदेला बसवलं. त्या 'आमच्याविषयी' वर गेल्या आणि म्हणाल्या, हे मला माहितेय, भाव सांग. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रेटकार्डाचा फोटो काढलाय. साक्याची ओळ टाकायला घरात विरोध होता, 'आपणच आपल्या मालाला नावं का ठेवायची' म्हणून. पण टाकली. पोचवणीचं असं लिहिलंय, बघा: "मागणी नोंदवल्यावर आंबा लवकरात लवकर आपल्यापर्यंत पोचवला जाईल."

चिंचेचं_बुटुक

लवकरात लवकर म्हणजे कधी?

आमराई

ट्रॅव्हल्सची गाडी संध्याकाळी सुटते. दुपारी बारापर्यंत पैसे आले तर पेटी त्याच दिवशी चढते, पुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी.

चिंचेचं_बुटुक

हे लिहा की मग. पुण्यात घरपोच येते की ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून आणायची?

आमराई

ऑफिसातून. हमाली वेगळी. बरं, हेही टाकते.