मदत हवी आहे: डाउन सिंड्रोम, आणि जिन्यातच विसरली जाणारी यादी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चालवून घ्या.

माझी लेक ११ वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. परवा तिला खाली वाण्याकडे पाठवलं: रवा, साखर, उदबत्ती. तीनदा वदवून घेतलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. "रवा, साखर, उदबत्ती" पुटपुटत उतरली. खालच्या मजल्यावर काकूंनी "काय गं, कुठे निघालीस?" विचारलं आणि संपलं! उदबत्तीचा पुडा घेऊन आली. तोही बहुधा गल्ल्याशेजारी मांडलेला दिसला म्हणून.

हीच मुलगी दर रविवारी मावशीकडे जाताना रिक्षावाल्याला वळणं सांगते. माझा चष्मा कुठे राहिलाय हे घरात तिलाच ठाऊक असतं. आणि शाळेच्या डायरीत शेरा येतो: 'लक्ष देत नाही, घरी पाठांतर घ्या.' घेतो की! सातचा पाढा सकाळी येतो, संध्याकाळी पाटी कोरी.

डॉक्टर म्हणाले, २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्यामुळे मेंदूची घडणच थोडी वेगळी होते. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग लहान राहतो. एवढं कळलं. पण मग रस्ता कसा राहतो आणि यादी का गळते? बाईंना हे कसं पटवू? आणि मुख्य म्हणजे माझा मोबाइल नंबर तिला पाठ व्हायला हवा. हरवली तर काय, या विचाराने रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद

ताई, मी अशा मुलांसोबत वाचा-उपचाराचं काम करते. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात धरताय.

यादी गळते ती हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचायच्या आधीच. ऐकलेलं काही सेकंद मनात घोळवत ठेवायचं, ही शाब्दिक तात्पुरती स्मृती या मुलांत खास कच्ची असते. पाहिलेलं त्या मानाने बरं टिकतं. म्हणून यादी चित्रांची द्या, हातात. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचणं यांच्यात फार आढळतं, तेव्हा ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. पण कान उत्तम असले तरी ही अडचण उरते, हे बाईंना जरूर सांगा. लक्ष न देण्याचा यात संबंध नाही.

पाढ्याचं दुखणं मात्र हिप्पोकॅम्पसचं. एकूण मेंदूच लहान असतो हे धरूनही तो भाग आणखी लहान भरतो.

आणि रस्ता? तो सवयीचा आहे. सायकल, बटणं लावणं, रोजची वळणं यांची नोंद मेंदूत दुसरीकडे, खोलवरच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये होते, आणि ती वाट पुष्कळशी शाबूत असते. मावशीकडे एकदा मागच्या रस्त्याने रिक्षा न्या, म्हणजे कळेल. नंबरही त्याच वाटेने शिकवा: तोंडी घोकून नको, बोटांनी. रोज तोच फोन, तीच बटणं, तिनेच दाबायची. चुकायची वाट बघू नका, आधीच हात धरा.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला अनुमोदन. भर एवढीच: रात्री घोरते का? झोपेत श्वास अडकणं यांच्यात सर्रास असतं, आणि दिवसभराचं शिकलेलं झोपेतच मुरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर चौथ्या वर्षापर्यंतच झोपेची तपासणी करून घ्या म्हणतात. थायरॉइड दरवर्षी. माझ्या भावाचं 'विसरणं' निम्मं थायरॉइडचं निघालं होतं. कुणी स्मरणशक्तीचं औषध विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. उंदरांत गुण दिसलेली औषधं माणसांच्या चाचण्यांत आजवर टिकलेली नाहीत.

धागाकर्ती

दोघींचे आभार. घोरते, आणि भरपूर. पुढच्या आठवड्यात दाखवतोय.

रविवारी मुद्दाम मागच्या रस्त्याने नेलं. पेट्रोल पंपापाशी रडकुंडीला आली, "काका, मागे वळा, चुकलं." मला फार वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं कळलं.

नंबरला आज तीन आठवडे झाले. तोंडी विचारलं तर अजून 'नऊ आठ' म्हणून थांबते. काल काकूंनी विचारलं तेव्हा मात्र तिने त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने दहा टिचक्या मारल्या. काकू हसल्या. मी जागा बघत होते, दहाही बरोबर होत्या.