मदत हवी आहे : पांडवलेणीच्या क्षेत्रभेटीत ब्राह्मी लिपीची ओळख कशी करून द्यावी?

सप्रेम नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सहामाही परीक्षा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी, नववीच्या ४२ विद्यार्थ्यांना पांडवलेणीला न्यायचे आमच्या इतिहास मंडळाने ठरवले आहे. मागील वर्षीही आम्ही गेलो होतो. परंतु पायऱ्या चढणे, छायाचित्रे आणि डबे यांतच सकाळ संपली. (डबे मात्र उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे.)

यंदा सर्व २४ लेणी धावत पाहण्याऐवजी दोनच लेणी नीट पाहावीत, असे मला वाटते. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाचा पराक्रम सांगणारा लेख कोरवून घेतला आहे, तर दहाव्या लेण्यात त्याच सातकर्णीने पराभूत केलेल्या क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद आहे. दोन्ही लेखांची लिपी ब्राह्मी आहे, त्यामुळे एकाच डोंगरावर दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची बाजू मुलांना पडताळता येईल.

अडचण अशी की मला स्वतःला ब्राह्मीची जेमतेम दहा-बारा अक्षरे ओळखता येतात. भिंतीला हात न लावता मुलांना अक्षरे उतरवून घेता येतील असा सराव आधी वर्गात कसा घ्यावा? असा उपक्रम कोणी केला असल्यास कृपया अनुभव सांगावा. एखाद्या शनिवारी शाळेत येऊन तासभर लिपी शिकवू शकेल अशी व्यक्ती परिचयात असल्यास तेही अवश्य कळवावे.