पेपर स्प्रे आणि स्टीलचे दंडुके: बाळगणे, विकणे, जाहिरात करणे कितपत कायदेशीर?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

मी मुलींसाठी लाठीकाठी आणि कराटेचा वर्ग चालवते. पेपर स्प्रे आणि घडी होणारे स्टीलचे दंडुके वर्गातच मिळावेत, अशी बऱ्याच पालकांची मागणी आहे. एका घाऊक व्यापाऱ्याने मला पत्रक पाठवले असून त्यावर ‘स्वसंरक्षणासाठी, परवान्याची गरज नाही’ असे ठळक छापलेले आहे. तेच पत्रक वर्गाचे नाव घालून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आणि इन्स्टाग्रामवर टाकावे, असा त्याचा आग्रह आहे. या वस्तू बाळगणे आणि त्यांची जाहिरात करणे कायद्यात बसते का? चूक झाली तर माझ्याबरोबर मुलीही अडचणीत येतील, म्हणून जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

उत्तर (वकील, सातारा)

ताई, या दोन वस्तू एका पारड्यात घालू नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली अथवा तशी रूपांतरित केलेली वस्तू ही शस्त्रच असते. त्यामुळे ‘ही फक्त बचावासाठी आहे’ हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि लाठी व साधी हातकाठी यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. तुमच्या वर्गातल्या लाठ्यांची म्हणूनच काळजी नाही. स्टीलच्या दंडुक्याला मात्र ही सवलत मिळत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे यांच्याच पंक्तीला स्टीलचा दंडुका आहे. असे असताना ‘परवान्याची गरज नाही’ हे छापील वाक्य कोणत्या आधारावर लिहिले, हे व्यापाऱ्याला लेखी विचारा.

पेपर स्प्रेचा त्या अनुसूचीत नामोल्लेख नाही, तो बाजारात उघड विकला जातो आणि पर्समध्ये ठेवल्याने गुन्हा होत नाही. वापराचा प्रश्न वेगळा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र मानले आणि जिवाला तातडीचा धोका नसताना तो मारला, म्हणून गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. हा निकाल मुलींना जरूर समजावून सांगा.

उत्तर (निवृत्त पोलीस कर्मचारी, कराड)

वकीलसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. सण, निवडणूक किंवा आंदोलन असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, आणि त्यात तलवारी, भाले, सुरे यांच्याबरोबर सोटे आणि लाठ्याही बाळगण्यास मनाई असते. ज्या लाठीला शस्त्र कायदा सोडून देतो, तीच त्या काळात रस्त्याने हातात घेऊन जाणे अडचणीचे ठरते. उसाच्या फडातला कोयता हे अवजार असते, पण रात्री दुचाकीच्या सीटखाली तोच सापडला की नाक्यावर प्रश्न सुरू होतात. प्रात्यक्षिकासाठी मुलींना बाहेर नेताना त्या तारखांना मनाई आदेश आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे.

उत्तर (पालक, मिरज)

माझी मुलगी एमआयडीसीतून रात्री उशिरा घरी येते. हल्लेखोर परवाना घेऊन येत नाही आणि मुलीने मात्र अनुसूची वाचायची, हे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर (वकील, सातारा)

आपली चिंता खरी आहे. कायद्यानेही मुलीला हतबल ठेवलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे, आणि बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिडहल्ल्यासारख्या प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, एवढीच मर्यादा आहे. हातातली छत्री, दगड किंवा स्प्रे अशा वेळी वापरला तर संरक्षण मिळते. पण मुळात विनापरवाना बाळगलेल्या शस्त्राचा गुन्हा त्याने पुसला जात नाही.

आता जाहिरातीबद्दल, कारण मला खरी भीती तिचीच वाटते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे विहित वर्गातील शस्त्रे विनापरवाना विकण्याबरोबरच ती विक्रीसाठी मांडणे किंवा देऊ करणे यालाही मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे पत्रक म्हणजे आपल्याच नावाने आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा ठरू शकतो. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि उत्पादकाबरोबर जाहिरातीला आपले नाव देणाराही त्यात येतो. ‘परवान्याची गरज नाही’ या ओळीखाली वर्गाचे नाव अजिबात घालू नका.

उत्तर (दुकानदार, सातारा)

जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे इथल्या संग्रहालयात मांडली गेली, तेव्हापासून माझ्याकडेही प्रतिकृती मागणारी गिऱ्हाइके येतात. धार नसलेली प्रतिकृती चालेल का?

उत्तर (वकील, सातारा)

फक्त खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि धार लावून शस्त्र करता येणार नाही, अशीच वस्तू व्याख्येबाहेर राहते. पोलादी नखे कानशीने घासून पुन्हा टोकदार करता येत असतील, तर केवळ बोथट असणे पुरेसे नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दंडुक्यांची मागणी मी रद्द करत आहे आणि पत्रकही कुठे टाकणार नाही. पुढच्या रविवारी पालकांना बोलावले आहे. त्या वेळी स्प्रे कधी वापरायचा, कधी नाही आणि वापरल्यावर ११२ वर काय सांगायचे, एवढाच विषय घेईन.