म्युनिकहून नागपूरला सायकल आणायची आहे, मुंबईच्या पुढे कशी नेऊ?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात सहा आठवड्यांसाठी घरी, नागपूरला येते आहे. या वेळी माझी सायकल बरोबर आणायची आहे. म्युनिक ते मुंबई विमानाचं तिकीट झालं, सायकलीचे वेगळे पैसेही भरले. अडलंय ते मुंबई ते नागपूर.

'तिथेच भाड्याने घे' असं बरेच जण सुचवतील, म्हणून आधी कारण सांगते. बाबा १९७८ साली कॉलेजात असताना लक्ष्मीनगरातून सेवाग्रामला सायकलने गेले होते. पहाटे निघाले आणि बापूकुटी पाहून झाडाखाली बसून घरून नेलेल्या पोळ्या खाल्ल्या. हे मी लहानपणापासून ऐकत आले. आता ते ६७ वर्षांचे आहेत, अजून रोज सकाळी अंबाझरी-फुटाळ्याची फेरी मारतात. दिवाळीत फोनवर म्हणाले, "आता तू आली की जाऊन येऊ बरं सेवाग्रामला." माझी उंची पाच फुटाला इंचभर कमी. दुसऱ्याच्या सायकलवर वीस किलोमीटरनंतर गुडघा धरतो आणि सेवाग्राम एका बाजूने ७५ च्या आसपास आहे. ही फ्रेम माझ्या मापाची आहे, चार वर्षं मी रोज हिच्यावरच ऑफिसला जाते.

खोका इथल्या सायकल दुकानातून फुकट मिळाला. माप १४० × ८० × २२ सेंमी, म्हणजे बेरीज २४२. साध्या बॅगेला १५८ पर्यंतच चालतं, म्हणून ही क्रीडासाहित्यात घ्यावी लागली. सायकल साडेबारा किलो, खोका आणि गुंडाळायचं सामान धरून १८. मर्यादा २३ ची आहे.

पॅकिंगची मात्र मला धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी एका विमानप्रवासात मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकून आला आणि सुट्टीचे पहिले चार दिवस तो सरळ करून देणारा शोधण्यात गेले. म्हणून आता डिरेलर खोलून, फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधणार, आणि एक जादा हँगर हातातल्या बॅगेत ठेवणार. पुढचं चाक काढल्यावर चिमट्यात प्लास्टिकचा आधार बसवते, म्हणजे वरून वजन पडलं तरी तो दबत नाही. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्येही तसाच तुकडा घालते, नाहीतर वाटेत लिव्हर दाबलं गेलं की पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसता बसत नाही. पायडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं, ही चूक मी एकदा केलेली आहे. यात काही राहिलं असेल तर सांगा.

आता मुंबई. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं तर सामान १५ किलोच, त्यात कपडेसुद्धा. म्हणून माझा कल रेल्वेकडे आहे. पण डब्यात न्यायच्या पेटीला १०० × ६० × २५ सेंमीची मर्यादा आहे, त्यामुळे खोका बर्थखाली नेता येणार नाही, तिकिटावर लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, द्यावा लागेल. विदर्भ एक्सप्रेस पुढे गोंदियाला जाते, नागपूरला थोडाच वेळ थांबते, खोका उतरवायचा राहिला तर? दुरांतो नागपूरलाच संपते, म्हणून मला ती बरी वाटते. कोणी सीएसएमटीवरून असं लगेज बुक केलं आहे का? त्याच गाडीत चढवतात ना? किती आधी पोहोचावं? की सरळ ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून समृद्धीमार्गे यावं? डिकीत खोका आडवा पडून त्यावर लोकांच्या बॅगा रचल्या जातील, याचीच काळजी वाटते.

कस्टमबद्दलही विचारायचं आहे. सायकल वापरलेली आहे, जानेवारीत परत नेणार आहे, खरेदीचं बिल जवळ ठेवलंय. ज्यांनी अशी सायकल मुंबईत उतरवली, त्यांना ग्रीन चॅनेलमधून (काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या वाटेने) जाऊ दिलं का?

नागपूरकरांसाठी अजून थोडं. हायड्रॉलिक ब्रेकचं काम नीट करणारा मिस्त्री कोणाच्या माहितीत आहे का? माझ्या ट्यूबचे व्हॉल्व बारीक, प्रेस्टा पद्धतीचे आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानाचा पंप त्यांना लागत नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टर घेऊन येते आहे.

आणि रस्ता. वर्धा रोडने बुटीबोरी, तिथून सेलूवरून सेवाग्राम, असंच जायचं डोक्यात आहे. बाबा त्यांच्या जुन्या २८ इंचीवर असतील, तासाला बारा-तेराच्या वर जाणार नाहीत. बुटीबोरीपर्यंत ट्रकांची वर्दळ सकाळी किती वाजता वाढते? थंडीत उजाडायच्या आधी त्यांना बाहेर काढायचं नाही, आणि त्या पट्ट्यात उशीरही नको. आतला एखादा गावांमधला रस्ता असेल तर थोडा लांब पडला तरी चालेल.