अनुभव धागा : चालायला आणि सायकलीला रस्त्यातून जागा काढताना

मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात पट्टे मारून आणि अडथळे उभे करून तात्पुरत्या सायकलपट्ट्या सुरू झाल्या. एप्रिलमध्ये मिलानने ३५ किलोमीटर रस्ते असेच बदलायचं जाहीर केलं. असं काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनी इथे मोजमापांसकट लिहावं. काय फसतं तेही लिहा.

आखणी
रुंदीकरणाच्या मागे लागू नका, जागा लेनमध्येच असते. ३.५ मीटरच्या चार लेन ३ मीटरवर आणल्या की २ मीटर सुटतात. बस जात असेल ती लेन तेवढी सोडा. दीड मीटरच्या पट्टीत सायकल चालते, पण पुढच्याला ओलांडता येत नाही, मग मागचा गाड्यांमध्ये घुसतो. शेजारी पार्किंग असेल तर उघडणाऱ्या दारासाठी आणखी पाऊण ते एक मीटर हवाच.

खांब बसवणं
पट्टी गाड्यांपासून वेगळी करायला ट्रॅफिक कोन तात्पुरते ठीक, तेही पायावर वाळूची पोती ठेवून. लवचीक खांबांचं सगळं यश बोल्टसाठी रस्त्यात पाडलेल्या भोकात आहे. ड्रिल झाल्यावर ब्रश फिरवा, हवा मारा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. मगच इपॉक्सी (बोल्ट पक्का धरणारा गोंद) भरा. भोकात धूळ किंवा ओल राहिली तर इपॉक्सी डांबर धरतच नाही. गाडीचा एक धक्का बसला की बोल्ट जागेवर फिरायला लागतो. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

फूटपाथ
दोघांमध्ये २ मीटर अंतर हवं तर दोघांची अंगं धरून ३ मीटर लागतात. वाढीव जागा खाली रस्त्यावर दिली तर १५ सेंटिमीटरच्या पायरीला १:१२ उताराने १.८ मीटर लांब रॅम्प घाला. तो नसेल तर व्हीलचेअरसाठी ती जागा नसल्यातच जमा.

चौक
सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. पट्टी चौकाच्या वीस मीटर आधी संपवली तर ऐन धोक्याच्या जागी सायकलस्वार एकटा पडतो. ती स्टॉपलाइनपर्यंत न्याच. कोपऱ्यावर खांब लावून वळण आवळा, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. आधी कचरागाडी वळवून बघा. १२ मीटर रस्ता ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर धरून १० सेकंद येतात. वृद्धांसाठी ०.९ धरा, १३ च्या वर येतात, म्हणजे १४ सेकंद ठेवा. साथीच्या काळात बटण दाबायला लावू नका, पादचाऱ्यांचा हिरवा प्रत्येक फेरीत आपोआप येऊ द्या.

एक राहिलंच
गटाराच्या जाळ्या पट्टीतच येतात. गज प्रवासाच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत जातो. जाळी चौरस असेल तर उचलून ९० अंशांत फिरवा, नाहीतर बदला. पट्टी उघडण्याआधी.