अनुभव धागा : मालदीवला स्कूबासाठी जायचंय. कुठलं बेट, कुठला महिना, किती खर्च?

गिरगावची मासोळी :

मालदीव म्हटलं की नेटवर पाण्यावरच्या खोल्या आणि स्विमिंग पूलमध्ये तरंगणारं नाश्त्याचं ताट, एवढंच दिसतं. पाण्याखाली काय आहे ते कुणी धड सांगत नाही. आम्ही दोघं, ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) अंदमानात हॅवलॉकला केलंय, बजेट बेताचं, नवरा पक्का शाकाहारी. ज्यांनी तिथे पाठीला टाकी बांधून उडी मारली आहे, त्यांनी सविस्तर लिहा. हनिमूनचे फोटो नकोत. 🙂

खाजणातला खेकडा :

आधी बेट नाही, आधी महिना ठरवा. बेट त्यावरून ठरतं.

मालदीव म्हणजे प्रवाळाच्या कंकणांची माळ. बाहेर खोल समुद्र, आत उथळ खाजण, आणि दोघांना जोडणाऱ्या खिंडी. ह्या खिंडींना तिकडे कंडू म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारा असतो. तेव्हा प्रवाह पूर्वेकडून आत शिरतो, त्यामुळे पूर्वेच्या खिंडीत स्वच्छ पाणी आणि शार्क, तर पश्चिमेला प्लवकांनी गढूळ झालेलं पाणी आणि ते खायला आलेले मँटा रे (पंख पसरल्यासारखे चपटे, भले मोठे मासे). मे ते नोव्हेंबर ह्याच्या बरोबर उलट. म्हणून "अमुक बेटावर मँटा दिसतात" हे वाक्य महिना सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

आम्ही मार्चमध्ये दक्षिण आरी अ‍ॅटॉलमधल्या (अ‍ॅटॉल म्हणजे वरच्यातलं एक कंकण) धिगुरा बेटावर राहिलो. कारण एकच, व्हेल शार्क. त्या बाजूच्या बाहेरच्या प्रवाळकड्यावर ते वर्षभर असतात, बहुतेक वयात न आलेले नर. २००९ पासून तो पट्टा संरक्षित आहे. टाकी लावून खाली गेलात की हमखास दिसेल असं मात्र नाही. होडीच्या टपावर माणूस उभा राहून काळी सावली शोधतो, "गो गो गो" असा ओरडा होतो आणि सगळे मास्क लावून धडाधड पाण्यात. अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब राहायचा नियम आहे. आमच्या होडीने पाळला. शेजारच्या दोन होड्यांनी त्या जनावराला घेरलं होतं, ते बघून वाईट वाटलं. पाठीवरचे पांढरे ठिपके आणि त्यांच्यामधल्या फिकट उभ्या रेघा उन्हात इतक्या लख्ख दिसतात की मी पाय मारायचे थांबवून नुसताच तरंगत होतो. तो शांतपणे खाली गेला.

बारा डॉलरचा चहा :

पैशाचं मी सांगतो, आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

व्हिसा पोचल्यावर फुकट. निघायच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

त्यानंतर मीटर पडायला लागतो. छोट्या गेस्टहाउसात ग्रीन टॅक्स माणशी दिवसाला ६ डॉलर, रिसॉर्टला १२. पर्यटन जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के. परत येताना इकॉनॉमीच्या तिकिटात ५० डॉलर निर्गमन कर, तो तिकिटातच धरलेला असतो. गेस्टहाउसवाल्या बेटांवर एका डाइव्हचे मला साधारण ५० ते ८० डॉलर पडले, रिसॉर्टवर त्याहून बरेच जास्त. दर विचारताना "टॅक्स, होडी आणि सामान धरून का?" हा प्रश्न लेखी विचारा. एका डाइव्ह सेंटरने (नाव नको) ईमेलमध्ये एक आकडा दिला आणि बिलात होडीचे वेगळे लावले. भांडलो, उपयोग झाला नाही.

खरा फटका बसतो तो बेटावर पोचण्यात. सरकारी फेरी स्वस्त, पण वेळखाऊ, आणि शुक्रवारी बहुतेक बंद. स्पीडबोट महाग, पण झटपट. सीप्लेन फक्त उजेडात उडतं, म्हणजे विमान दुपारनंतर उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागते. आधी हे जमवा, मग हॉटेल बुक करा.

तारकर्लीचा जावई :

मासोळीताई, ओपन वॉटर आहे म्हणजे १८ मीटरपर्यंतची मुभा. मालदीवमधल्या बऱ्याच चांगल्या जागा २५ ते ३० मीटरवर आहेत. ३० मीटर ही तिथली कायद्याने घातलेली मर्यादा, त्याखाली हौशी डायव्हरला नेत नाहीत. त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड (त्यापुढचा कोर्स) आधीच करून जा, नाहीतर तिथे पहिले दोन दिवस त्यातच जातील.

आणि हॅवलॉकच्या शांत पाण्यावरून अंदाज बांधू नका. मालदीवचा प्रवाह ही वेगळीच चीज आहे. खिंडीच्या तोंडाशी मेलेल्या खडकात रीफ हूक अडकवून, दोरीला लटकत शार्क बघायचे असतात. माझा मास्क मान वळवली की थरथरायचा. शेजारी एक युरोपियन आजी निवांत हात बांधून लटकली होती, जणू बसस्टॉपवर उभी आहे. जिवंत प्रवाळात हूक अडकवणाऱ्याला आमच्या गाईडने होडीवर सगळ्यांसमोर झापलं, आणि योग्य केलं.

मी जायच्या आधी मालवणला सराव करून गेलो. तिथे पाणी गढूळ, काही मीटरपलीकडे दिसत नाही. पण अशा पाण्यात तरंगणं साधलं की मालदीवच्या निळ्या पाण्यात चेक डाइव्ह पोरखेळ वाटते. ती पहिली तपासणीची डाइव्ह सगळीकडे घेतातच: मास्क काढून घाला, रेग्युलेटर (श्वास घ्यायची तोंडातली नळी) सोडून परत पकडा, एका जागी स्थिर राहा. त्यावरून तुम्हाला कुठे न्यायचं ते ठरवतात.

पथ्यपाणी :

डॉक्टर आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, फिट्स, ह्यातलं काही असेल तर वैद्यकीय फॉर्म तिथे काउंटरवर भरत बसू नका. त्यात काही ठरावीक प्रश्नांना एक "हो" आला तरी डॉक्टरची सही लागते आणि बेटावर ती चटकन मिळत नाही. फॉर्म आधी उतरवून घ्या, इथूनच सही घेऊन जा. सर्दी असताना औषध घेऊन खाली जाऊ नका. औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा कोंडून कान-सायनसची वाट लागते.

शेवटची डाइव्ह आणि विमान ह्यांत किमान १८ तास. सीप्लेन आणि देशांतर्गत विमानही त्यात आलं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि वर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमा स्कूबाचाच घ्या. नेहमीच्या प्रवास विम्यात बऱ्याचदा डायव्हिंग वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. त्या बुडबुड्यांवर उपचार करायचं प्रेशर चेंबर बंडोस बेटासारख्या मोजक्या ठिकाणीच आहे, आणि तिथवर होडीने किंवा विमानाने नेण्याचा खर्च मोठा.

त्या कोरड्या दिवसासाठी माले शहर आहे. १६५८ ची हुकुरू मिस्की ही प्रवाळाच्या दगडाची मशीद बघा. दगडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे.

चकली विथ चटणी :

खाण्याचं! सकाळी मस हुनी मिळतं: बारीक केलेला टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच, मी रोज तीन खायचे. शाकाहारी नवऱ्याचं मात्र कठीण. रस्सा म्हटला तरी त्यात टूना, "नो फिश" म्हटलं तरी वरून टूनाचा चुरा. डाळ, भात, भाजी गेस्टहाउसला आधी कळवलं की करतात, कारण स्वयंपाकी पुष्कळदा भारतीय किंवा बांगलादेशी असतो. थेपले, मेतकूट, लसणाची चटणी न्याच.

लोकवस्तीच्या बेटावर दारू नाही, बाहेरून न्यायलाही बंदी. बिकिनी फक्त ठरलेल्या किनाऱ्यावर, गावात खांदे-गुडघे झाकून. रमझानात दिवसा खाण्याची हॉटेलं बंद, पण डायव्हिंग चालू असतं. आणि पूजेच्या मूर्ती देशात आणायला मनाई आहे. सासूबाईंची प्रवासातली छोटी अन्नपूर्णा त्यामुळे घरीच राहिली. त्यांची समजूत घालणं हे सगळ्या तयारीतलं अवघड काम होतं. व्हेपसुद्धा नेऊ नका, येताना शंख-प्रवाळ उचलू नका.

उलटा प्रवाह :

सगळे आरी आरी करतायत म्हणून लिहितो. मोठं जनावर बघायचं असेल तर दक्षिणेला, विषुववृत्ताच्या खाली, फुवाहमुला. एकटं बेट, भोवती खाजण नाही, कडा सरळ खोल उतरतो. बंदराच्या तोंडाशी टायगर शार्क. मासळी साफ केलेला कचरा तिथे पडायचा, त्याची त्यांना सवय. गाईड ओळीत बसवतो, हात अंगाशी, डोळे त्याच्यावर. ती मादी वळून सरळ माझ्याकडे आली तेव्हा तिच्या अंगावरचे पट्टेही मोजता आले असते.

पण मासोळीताई, तुमच्यासाठी नाही. निदान ह्या खेपेला नाही.

खाजणातला खेकडा :

@उलटा प्रवाह, खाऊ टाकून बोलावलेल्या शार्कबद्दल माझं मत वेगळं आहे. वावू अ‍ॅटॉलमध्ये अलिमथाच्या धक्क्यालगत रात्रीची डाइव्ह प्रसिद्ध आहे, नर्स शार्कचा नुसता बाजार. तिथेही वर्षानुवर्षं खायला घातल्यानेच गर्दी झाली. मजा आली, नाही म्हणत नाही. एक मांडीला घासून गेला, खरखरीत पॉलिश पेपर. पण दहा टॉर्च, तीस माणसं... ह्याला समुद्र बघणं म्हणावं का?

उलटा प्रवाह :

मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी बंद केली ती ह्याच पर्यटनाच्या जोरावर. जिवंत शार्क पैसे देतो म्हणून वाचला. बाकी तुमचं चालू द्या.

मोडका पंखा :

प्रवाळाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. उथळ भागात अजून ठिकठिकाणी नुसता राखाडी चुरा दिसतो. रंगीत मऊ प्रवाळ खोल थिलांवर (पाण्याखालच्या प्रवाळाच्या टेकड्यांवर), कपारींत, प्रवाह असतो तिथे. मासे मात्र भरपूर.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर बा अ‍ॅटॉलचं हनिफारू. तिथे टाकी लावायला बंदी, फक्त स्नॉर्केल. नशीब असेल तर डझनावारी मँटा एकाच वेळी गोल गोल फिरत खाताना दिसतात. आम्हाला पाऊस आणि मोजून तीन दिसले, तरी चालेल.

गिरगावची मासोळी :

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. तूर्तास असं ठरतंय: अ‍ॅडव्हान्स्ड डिसेंबरात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, मग फेब्रुवारीत धिगुरा, शेवटचा दिवस माले. सफारी बोट (बोटीवरच राहून डायव्हिंग) पुढच्या वेळी. एक विचारायचं राहिलं, नवऱ्याला चष्मा आहे. कॉन्टॅक्ट लेन्स की नंबरचा मास्क?

तारकर्लीचा जावई :

नंबरचा मास्क, आणि तो इथूनच बनवून घ्या. बेटावर असेलच असं नाही, आणि मास्क काढायच्या सरावात लेन्स वाहून जाते. नेत्राणीला तोच वापरून बघा, म्हणजे पाणी शिरतं का ते आधीच कळेल. मिशी असेल तर शिरणारच.